पद गेलं तरी पान सुटत नाही. माजींच्या बातम्या किती वाचायच्या?

सिडकोची वाचक:
मी नाशिकच्या सिडकोत एका छोट्या वाचनालयात काम करते. सकाळी पेपर लावायचे, दुपारी आपल्या भागाच्या बातम्या कापून फाइलला चिकटवायच्या. स्पर्धा परीक्षेची पोरं ती फाइल चाळतात.

मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि सगळे नगरसेवक माजी झाले. निवडणूक झाली ती थेट जानेवारी 2026 मध्ये. मधल्या काळात ना महासभा, ना स्थायी समिती. दोन्हींचे अधिकार प्रशासकाकडे. अंदाजपत्रकही प्रशासकानेच मंजूर करायचं. आणि त्या जवळपास चार वर्षांची माझी फाइल उघडली तर काय? माजी नगरसेवक या पक्षात, माजी आमदार त्या पक्षात, कोणी नाराज, कोणाची नाराजी दूर.

एकदा पक्षप्रवेशाचा तीन कॉलमी फोटो कापला. गळ्यात उपरणं, मागे पंधरा-वीस जण. डिंक लावायला उलटा केला, तर पाठीमागे बोटभर बातमी: शनिवारी आमच्या भागात पाणी बंद. ती बरोबर मधोमध कापली गेली होती. उरलेलं पान रद्दीतून काढलं, दोन तुकडे जुळवले आणि वेळ बाहेरच्या फळ्यावर लिहिली. त्या दिवशी फार राग आला.

ज्यांच्या सहीने आपली कामं मंजूर होतात, त्यांना प्रश्न विचारायला कोणी का जात नाही?

जुना वार्ताहर:
ताई, मी बरीच वर्षं शहराच्या पानाला बातम्या दिल्या. संध्याकाळी पान लावायची घाई. अधिकाऱ्यांना फोन केला की ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’. माजी मंडळी पहिल्या रिंगला फोन उचलतात, दोन ओळी मागितल्या तर दहा देतात, फोटोसकट. वाढदिवसाच्या जाहिरातीही त्यांच्याच. अंदाजपत्रक नीट वाचायला दोन दिवस लागतात. ते मला कधी मिळाले नाहीत, त्याची खंत अजून आहे.

पंचवटीकर:
माजी म्हणून सगळ्यांना एका माळेत ओवू नका. पावसाळ्यात आमच्या गल्लीत ड्रेनेज तुंबलं, घाण पाणी ओट्यापर्यंत आलं. तक्रार नोंदवली, कोणी फिरकलं नाही. रात्री दहाला माजी नगरसेविका स्वतः गाडी घेऊन आल्या, काम होईपर्यंत छत्री धरून उभ्या होत्या. त्यांचा फोटो कुठेच आला नाही.

सिडकोची वाचक:
काका, ही बातमी आली असती तर मी पहिल्या पानावर चिकटवली असती. पद नसताना केलेलं काम छापा ना, जरूर छापा. माझं भांडण उपरण्याच्या फोटोंशी आहे.

वार्ताहर दादा, अंदाजपत्रकाची एक प्रत वाचनालयात ठेवायची आहे. कुठे मिळेल?

जुना वार्ताहर:
आधी महापालिकेच्या संकेतस्थळावर बघा. नाही सापडलं तर राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात, माहिती अधिकाराचा अर्ज द्या, शुल्क 10 रुपये. हातात आलं की सुरुवातीचं भाषण सोडा, थेट कामांच्या यादीत तुमचा प्रभाग शोधा. अडलं तर इथे लिहा, मी रोज रात्री बघतो.