'कट्यार' : नाटक आधी पाहिलं की सिनेमा आधी? तुमच्या थेटरात काय झालं ते लिहा (अनुभव धागा)

परवा टीव्हीवर परत 'कट्यार काळजात घुसली' लागला होता आणि आमच्या घरी परत तोच वाद पेटला जो २०१५च्या दिवाळीपासून अधूनमधून पेटतोच. आई म्हणते सिनेमा देखणा आहे पण ते 'कट्यार' नव्हे. भाऊ म्हणतो सिनेमा आला नसता तर तुझं 'कट्यार' आमच्यापर्यंत आलंच नसतं. म्हणून धागा काढतेय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. नाटक १९६७चं, पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांनी लिहिलेलं, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं, नाट्यसंपदाची निर्मिती, आणि खाँसाहेब आफताब हुसेन म्हणजे वसंतराव देशपांडे. सिनेमा सुबोध भावेचा, संगीत शंकर-एहसान-लॉय, नाटकातली काही पदं तशीच घेतली आणि 'सूर निरागस हो', 'मनमंदिरा', 'अरुणी किरणी' अशी नवी घातली. नाटकात पंडितजी (खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी गायक) फारसे गात नाहीत, सिनेमात शंकर महादेवनमुळे त्यांचा अख्खा संसार उभा राहिला.

परीक्षणं नकोत प्लीज, ती तेव्हा ढिगाने झाली. तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसलेली माणसं काय करत होती ते सांगा. मी ठाण्याला आईसोबत पाहिला. 'सुरत पिया की'ची जुगलबंदी संपली आणि मागच्या रांगेतून एका आजोबांनी चक्क पडद्याला 'वन्स मोअर' दिला. कुणी हसलं नाही. उलट टाळ्या पडल्या, दोन-तीन ठिकाणांहून परत 'वन्स मोअर' आला, आणि पुढचे दोन-चार संवाद कुणालाच ऐकू आले नाहीत. आई माझ्याकडे वळून म्हणाली, बघ, ह्यांना माहितीये कुठे द्यायचा ते.

*

नागपूरकर आहे, सत्तरी ओलांडली. दारव्हेकर मास्तर आमचेच, रंजन कला मंदिरवाले. वसंतरावही लहानाचे मोठे इथेच झाले, त्यामुळे ह्या नाटकावर आमचा जरा जास्तच जीव आहे. धनवटे रंगमंदिरात त्यांचा खाँसाहेब पाहिलाय. एकदा का ते पदात शिरले की नाटक तिथे थांबायचं, आणि थांबलेलं कुणाला खटकायचं नाही. तान कुठे जाऊन पडणार हे प्रेक्षकाला सोडा, तबलजीलाही माहीत नसायचं. आम्ही तबलजीचा चेहरा बघायचो. वसंतरावांनी काहीतरी भलतंच काढलं की तो मान वर करून बघायचा आणि समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) दोघं बरोबर भेटले की पूर्ण थेटरातून एकच 'आ हा हा' निघायचा. उद्याच्या प्रयोगाला तेच पद वेगळं. म्हणून लोक परत परत तिकीट काढायचे.

सिनेमात हे होणं शक्य नाही आणि त्याबद्दल सिनेमाला बोल लावण्यात अर्थ नाही. गाणं उत्तम आहे, पण ते ठरलेलं आहे. मात्र एक गोष्ट सांगतो. माझ्यासोबत आमच्या हौशी ग्रुपमधले एक जुने नट आले होते, नाटकात ह्यांनी कधीकाळी छोटी कामं केलेली. सिनेमा संपला, दिवे लागले, झाडूवाले आत आले, हे उठेचनात. पडद्यावर नावं सरकत होती. दारव्हेकर आणि अभिषेकी ही नावं दिसेपर्यंत बसणार म्हणाले. दिसली. मग उठले.

*

काका, तबलजीचा चेहरा!! माझे वडील अगदी हेच सांगायचे. +१

*

मी पूर्ण उलट्या बाजूचा माणूस. पिंपरीत राहतो, आयटी, घरात गाण्याचा गंध नाही. त्या दिवाळीला १२ नोव्हेंबरलाच सलमानचा 'प्रेम रतन धन पायो' पण आला होता, आम्ही मित्र तोच बघायला गेलेलो, हाऊसफुल्ल होता म्हणून शेजारच्या स्क्रीनला हा. शंकर महादेवन आहे एवढंच माहिती होतं. पहिली वीस मिनिटं मित्र मोबाईल काढून बसला होता आणि मग 'दिल की तपिश' सुरू झालं आणि त्याने मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला, इंटरव्हलला पॉपकॉर्न आणायला पण कोणी उठलं नाही, जो विजेता असेल त्याला कट्यार मिळते आणि त्या कट्यारीने एक खून माफ, हे ऐकूनच आम्ही अडकलो होतो की आता खून कुणाचा.

घरी येऊन यूट्यूबवर वसंतरावांचं 'घेई छंद मकरंद' लावलं. खरं सांगतो, पहिल्यांदा नाही आवडलं. सिनेमात सगळं गोल गोल, मागे मोठा वाद्यमेळ, आणि इथे जुनी खरखर, एक पेटी एक तबला आणि तो टोकदार आवाज जो सरळ अंगावर येतो. पण डोक्यातून जाईना. आता उलटं झालंय, सिनेमातलं ऐकलं की छान वाटतं आणि वसंतरावांचं ऐकलं की काम थांबतं. रस्ता मात्र सिनेमातूनच गेला, हे मी कुणाशीही भांडून सांगेन.

*

अकोला. आमच्याकडे पहिल्या दिवशी एकच शो, तोही दुपारी बाराचा, कारण सगळे पडदे सलमानकडे. बाराच्या शोला कोण येणार, तर रिटायर्ड शिक्षक आणि भजनी मंडळाच्या बायका. त्या बायकांनी गावभर सांगितलं. पुढच्या आठवड्यात संध्याकाळचा शो लागला आणि तिकिटाच्या खिडकीवर सतरंजी-डबा घेऊन जत्रेला निघाल्यासारखी कुटुंबं. बस इतकंच. जाहिरातीने नाही चालला आमच्याकडे, तोंडी चालला.

*

मी मिरजेचा. आमच्या गल्लीत तंबोरे बनतात, मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत दरवर्षी गाणं होतं, आणि तिथे गाणारा कोण कुठल्या धर्माचा हे विचारायची पद्धत नाही. त्यामुळे 'कट्यार'कडे मी थोडा वेगळा बघतो, समजून घ्या.

खाँसाहेब हा माणूस मला नेहमी जवळचा वाटलाय. वर्षानुवर्षं हरलेला, ज्याच्या गाण्याला दरबाराने दाद दिली पण मान दिला नाही. हवेलीत पाऊल टाकताना तो 'या भवनातील गीत पुराणे' म्हणतो तेव्हा त्यात माज आहे पण त्याच्या तळाशी दुखणं आहे, आणि हे दुखणं जो नट दाखवील तो खरा खाँसाहेब. सिनेमात शेंदूर खायला घालून पंडितजींचा आवाज घालवण्याचा जो प्रसंग आहे तिथे माझ्या पोटात गोळा आला. अब्बा शेजारी होते. त्यांच्या पुढच्या रांगेत कुणीतरी शिवी हासडली. सचिन पिळगावकरचा खाँसाहेब तिथून पुढे डोळ्यांनीच इतका क्रूर होत जातो की शेवटी तो बदलतो तेव्हा मला ते बदलणं घाईत झालेलं वाटलं. ही माझी तक्रार आणि ती कायम राहणार.

पण अब्बांचं ऐका. ते तंतुवाद्याचे कारागीर. त्यांना गोष्टीत काही रस नव्हता. 'यार इलाही' कव्वालीला ते मांडीवर ठेका धरून होते, आणि बाहेर आल्यावर पहिला प्रश्न, त्या दरबारातल्या तंबोऱ्याच्या जवारीचा (तारेच्या झंकाराचा) आवाज खरा घेतलाय की मशीनचा? रस्ताभर हीच चर्चा. शेवटी म्हणाले, दोन घराणी भांडली तरी तंबोरा एकच लागतो ना त्यांना. मला त्या शिवीवर जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं.

*

मिरजकर, शेंदराच्या प्रसंगाबद्दल शंभर टक्के सहमत. घराण्याचं भांडण म्हणजे गायकीचं भांडण, एकच 'घेई छंद' दोन तऱ्हेने गाऊन दाखवलंय ना, एक संथ, नटवून नटवून आणि एक चपळ, आक्रमक. ह्याच्यापेक्षा वेगळा खलनायक कशाला पाहिजे? अभिषेकीबुवांनी चालीतूनच सगळं सांगून टाकलंय.

*

रत्नागिरीला गाण्याचा क्लास घेते. डिसेंबर २०१५पासून फोन सुरू झाले. "ताई, आमच्या मुलाला 'सूर निरागस हो' शिकवा, गॅदरिंगला म्हणायचंय." सगळ्यांना हेच एक गाणं. तोपर्यंत मुलं यायची ती रिअ‍ॅलिटी शोची गाणी घेऊन. मी म्हटलं शिकवते, पण आधी सा लावायचा.

एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता, त्याला गाणं नको होतं, त्याला फक्त "ती खाँसाहेबांची भांडणवाली तान" पाहिजे होती. तोंड वेडंवाकडं करून, हात फिरवून पडद्यावरच्यासारखं करायचा. मी त्याला आरशासमोर बसवलं, हात मांडीखाली ठेवायला सांगितले आणि 'सारेग रेगम गमप' एवढाच पलटा आकारात, आधी अगदी सावकाश. हात अडकल्यावर त्याच्या लक्षात आलं की आवाज गळ्यातून काढायचाय. रडला थोडा. पण टिकला, अजून येतो, आणि आता त्याचा आकार इतका स्वच्छ आहे की ऐकत राहावं. त्या लाटेतली बरीच मुलं गॅदरिंग झाल्यावर गेली, जाणारच. जी राहिली ती खरंच गातायत. मला सिनेमाने काय दिलं तर ही पोरं दिली, त्यामुळे नाटक श्रेष्ठ की सिनेमा ह्यात मी पडत नाही.

*

बे एरियातून लिहितेय. इथे महाराष्ट्र मंडळातल्या काही जणांनी मिळून थिएटर घेतलं होतं. सिनेमात गायलेले महेश काळे इथलेच, कितीतरी घरची मुलं त्यांच्याकडे शिकतात, त्यामुळे 'अरुणी किरणी' सुरू झालं तेव्हा अख्ख्या हॉलमध्ये एक वेगळीच हालचाल झाली, जणू घरचं कुणी स्टेजवर आलंय. पुढे त्याच गाण्याला त्यांना नॅशनल अवॉर्ड मिळालं तेव्हा तर आमच्या ग्रुपवर दिवसभर दुसरं काही नव्हतं.

मी ऑफिसमधल्या एका तमिळ मैत्रिणीला घेऊन गेले होते, ती लहानपणापासून कर्नाटक संगीत शिकलेली. सबटायटल्स वाचत होती, पण गाणं लागलं की वाचणं बंद आणि बोटांवर ताल मोजणं सुरू. बाहेर आल्यावर तिने विचारलं की तुमच्याकडे लोक नाटकात असं तीन-तीन तास गात होते? रोज? माईकशिवाय पण? मी तिला बालगंधर्वांपासून सांगायला सुरुवात केली आणि पार्किंगमध्ये आम्ही थंडीत कुडकुडत उभ्या. इतकं आपलं आपण कधी कुणाला सांगतच नाही.

*

२०१०ला जे पुनरुज्जीवित नाटक आलं, राहुल देशपांडे खाँसाहेब, महेश काळे सदाशिव (पंडितजींचा शिष्य), दिग्दर्शन सुबोधचंच, ते पुण्यात पाहिलेल्यांपैकी मी. आजोबांची भूमिका नातू करतोय म्हणून पहिल्या तानेला जी टाळी पडली ती राहुलसाठी किती आणि वसंतरावांसाठी किती हे सांगणं अवघड. सिनेमात आवाज राहुलचाच, चेहरा सचिनचा. मला शेवटपर्यंत ते दोन जुळवता आले नाहीत. डोळे मिटले की सिनेमा आवडायचा. माझी बायको, जिने नाटक पाहिलेलं नव्हतं, तिला काहीही खटकलं नाही, तिच्यासाठी सचिन म्हणजेच खाँसाहेब. आणि ज्यांनी १९६७चा खाँसाहेब पाहिला त्यांना २०१०चा राहुलही 'आजोबांसारखा नाही' वाटलाच होता, हे मी बालगंधर्वच्या पायऱ्यांवर स्वतःच्या कानांनी ऐकलंय. ज्याने जो आधी पाहिला त्याच्यासाठी तोच खरा, असंच दिसतंय.

*

'मी वसंतराव' पाहिला का कुणी? त्यात राहुल स्वतःच आजोबा झालाय, तिथे आवाज-चेहरा एकत्र. वरच्या पुणेकरांनी नक्की बघा, नसेल पाहिला तर.

*

फोंड्याहून. मंगेशी इथून हाकेच्या अंतरावर, अभिषेकीबुवांचं गाव, त्यामुळे आमच्याकडे 'कट्यार'च्या चाली म्हणजे घरचं देणं. जत्रेला देवळासमोर हौशी संगीत नाटक बसवण्याची प्रथा आमच्या गावात अजून आहे आणि 'कट्यार' ठरावीक वर्षांनी होतंच. खाँसाहेब करणारा आमच्याकडे एक बसड्रायव्हर होता, काय गळा होता म्हणून सांगू.

सिनेमा आल्यानंतर जत्रेत पहिल्यांदा 'कट्यार' लावलं तेव्हाची गोष्ट. सदाशिव करणारा कॉलेजचा पोरगा. दुसऱ्या अंकात त्याचं पद झालं आणि मागून मुलांचा गलका, 'अरुणी किरणी! अरुणी किरणी!' पुढे सतरंजीवर बसलेले म्हातारे वळून बघायला लागले, हे पद कुठलं? नाटकात नाहीच ते. पोरगा गोंधळून विंगेत बघतोय, ऑर्गनवर बसलेल्या मास्तरांनी मान हलवून नाही म्हटलं आणि पुढचा प्रवेश सुरू करायला लावला. गलका थांबेना. मग खाँसाहेबाच्या वेशातच तो ड्रायव्हर पुढे आला, हात जोडले आणि म्हणाला नाटक पुरं होऊ द्या, मग हवं ते गाऊ.

आणि गायले. भैरवी (शेवटचं गाणं) झाल्यावर पडदा परत उघडला, त्या पोराने 'अरुणी किरणी' म्हटलं, मास्तरांनी साथ केली, ती चाल त्यांनी घरी बसवून ठेवली होती हे तेव्हा कळलं. म्हातारे पण थांबले ऐकायला. तेव्हापासून आमच्याकडे 'कट्यार' लागलं की हाच नियम झालाय, नाटकात फक्त बुवांची पदं, सिनेमातली मागणी असेल तर भैरवीनंतर. यंदा कमिटीत काही जण म्हणत होते की 'सूर निरागस हो' नांदीला घेऊ, गणपतीचंच तर आहे. अजून ठरलेलं नाही. मास्तर विरोधात आहेत, मी पण.