विषय: आकाशकंदील कार्यशाळा, यंदा फक्त मुलींसाठी

नमस्कार मंडळी,
दिवाळीआधीच्या शनिवारी मराठी शाळेच्या वर्गात ८ ते १२ वर्षांच्या मुली आकाशकंदील करतील. आत तांब्याची चिकटपट्टी, ३ व्होल्टचा बटण सेल आणि एलईडी. मदतीला चार जण हवेत.
– शिक्षण समिती

------

ताई,
कल्पना छान आहे. पण फक्त मुलींसाठी का? माझा नातू हिरमुसलाय. सगळी मुलं एकत्र शिकली तर बरं, असं मला वाटतं.
– खजिनदार

------

काका,
गेल्या वर्षी एकत्रच घेतली होती. तासाभरात प्रत्येक टेबलावर सेल आणि पट्टी मुलग्यांच्या हातात, आणि मुली झिरमिळ्या कापतायत! कुणी दांडगाई केली नव्हती, आपोआप तसं झालं. एका मुलीचा दिवा लागेना, तर मीच "दे इकडे" म्हणून लावून दिला. ते मला अजून लागून राहिलंय.

मग उन्हाळ्यात लेकीला घरी सामान दिलं आणि गप्प बसले. तिने एकाच सेलवर लाल आणि निळा एलईडी शेजारी शेजारी जोडले. लाल लागला, निळा ढिम्म. तिने एलईडीचे पाय उलटे करून पाहिले, सेल बदलला, कोपऱ्यात पट्टी कापून जोडली होती तिथे ती अखंड दुमडून घेतली. वीस मिनिटांनी वैतागून लाल काढला, तर निळा लख्ख! "आई, लालच सगळं खातोय." लाल साधारण २ व्होल्टवर चालतो, निळ्याला ३ च्या आसपास लागतात आणि लाल सेलचा दाब खाली ओढतो, हे मी नंतर सांगितलं. अर्धं तर तिनेच शोधलं होतं. ती वीस मिनिटं मला प्रत्येक मुलीला द्यायची आहेत.

ए. ललिता आठवतात का? अठराव्या वर्षी वैधव्य, पदरी तान्ही मुलगी, तरी मद्रासच्या गिंडी कॉलेजातून इलेक्ट्रिकल इंजिनियर झाल्या. वडील तिथेच प्राध्यापक होते, म्हणून दार उघडलं. पुढे त्यांनी भाक्रा-नांगल धरणाच्या प्रकल्पावरही काम केलं. आपल्या किती मुलींना घरात असं दार आहे?

नातवासाठी संक्रांतीला पतंगांची कार्यशाळा घेऊ, सगळ्यांची एकत्र. तोवर मुलींचा हात बसलेला असेल.

------

ताई,
पटलं. नातीचं नाव लिहून घ्या. माझ्याकडचे दोन मल्टिमीटर, म्हणजे विजेचा दाब मोजायची यंत्रं, आणतो. मुलींनी विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही.
एक मात्र कराच, सेल मोजून द्या आणि मोजून परत घ्या. धाकटी भावंडं सोबत येतात, आणि पोटात गेलेला बटण सेल अन्ननलिका जाळतो. कंदिलात सेलची जागा साध्या चिकटपट्टीने पक्की बंद करायलाही मुलींनाच शिकवू.