डी-८ ला साधी गाठ: ऑपरेशन की सायबरनाइफ?

लालबागकर: आईचं वय ५८. पाय जड पडतात, जिना उतरताना तोल जातो. एमआरआयमध्ये डी-८ ला (छातीच्या भागातला आठवा मणका) १.८ सेंमीची गाठ, ड्युराच्या (मज्जारज्जूभोवतीचं जाड आवरण) आत पण मज्जारज्जूच्या बाहेर. रिपोर्टात 'मेनिंजिओमा (आवरणाची गाठ) किंवा श्वानोमा (नसेच्या वेष्टणाची गाठ)' लिहिलंय, दोन्ही बहुधा साध्या, कॅन्सरच्या नाहीत. सर्जन ऑपरेशन म्हणतात, मामा सायबरनाइफ (चिरफाड न करता नेमका रेडिएशनचा मारा) म्हणतात. सहा महिने थांबून पाहिलं तर?

मणका_ओपीडी: थांबणं त्रास नसलेल्या गाठीला. पाय जड म्हणजे मज्जारज्जू दबतोय, आणि दबून गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. सायबरनाइफने गाठीची वाढ थांबते, पण दाब लगेच उतरत नाही. उलट सूज येऊन वाढू शकतो. तपासायला तुकडाही मिळत नाही. ते उरलेल्या किंवा पुन्हा आलेल्या गाठीसाठी, नाहीतर भूल न झेपणाऱ्यासाठी.

ऑपरेशनमध्ये मागून मणक्याची कमान काढून मायक्रोस्कोपखाली ड्युरा उघडतात. श्वानोमा असेल तर नसेच्या ज्या मुळातून ती उगवते ते बहुधा कापावं लागतं; छातीच्या पातळीवर त्याने बहुधा त्वचेचा एखादा पट्टा बधिर होतो, एवढंच. मेनिंजिओमा ड्युराला चिकटून असतो. तेवढा ड्युरा काढायचा की जाळायचा, हे टेबलावरच ठरतं. गाठ मज्जारज्जूच्या पुढे असेल तर काम अवघड. सर्जनना पहिला प्रश्न हाच विचारा.

सीआर्म: एक गोष्ट हमखास राहून जाते. फक्त छातीच्या मणक्यांचा एमआरआय असेल तर डी-८ मोजला कुठून? वरून मानेपासून किंवा खालून माकडहाडापर्यंत मणके दिसायला हवेत, नाहीतर टेबलावर एक मणका चुकू शकतो. संपूर्ण मणक्याचं स्क्रीनिंग मागा. दुसरी गाठ असली तर तीही कळेल. सीटीही करा, चुना साचलेला मेनिंजिओमा दगडासारखा असतो. आणि नर्व्ह मॉनिटरिंग (ऑपरेशन चालू असताना नसांचे सिग्नल तपासत राहणं) होणार का, विचारा.

लालबागकर: डेक्सा (सूज उतरवणारी स्टेरॉइडची गोळी) सुरू आहे, शुगर २४० आली. गोळी बंद करू?

मणका_ओपीडी: मनाने अजिबात नाही. आजच डॉक्टरांना आकडा कळवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही सांगा.

वॉर्ड_१२: ऑपरेशननंतर ड्रेसिंग पाण्यासारखं ओलं झालं, किंवा बसलं की डोकं ठणकून आडवं झाल्यावर थांबलं, तर मज्जाद्रव (मज्जारज्जूभोवतीचं पाणी) गळत असू शकतो. लगेच सांगा, नुसतं ड्रेसिंग बदलून भागवू नका. नाहीतर मेंदूच्या आवरणाला संसर्ग होऊ शकतो. राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतून करणार असाल तर रेशनकार्ड, आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) भेटा, मंजुरी आधी लागते. पण लघवी अडली किंवा पाय एकदम लुळे पडले तर कागद मागाहून, आधी कॅज्युअल्टी.