दाताच्या डॉक्टरची प्रचंड भीती, गुंगी देऊन ट्रीटमेंट करता येते का?

रातराणी:
नमस्कार मंडळी. खालची एक दाढ किडलीये, रूट कॅनाल करायचंय, आणि तिच्यामागची अक्कलदाढ आडवी आलीये ती काढावी लागणार. हे कळून चार महिने झाले. दोनदा अपॉइंटमेंट घेतली, पहिली आदल्या रात्रीच कॅन्सल केली, दुसऱ्यांदा खुर्चीत बसले पण शेजारच्या खोलीतून त्या मशीनचा सुंईंऽऽ आवाज आला आणि हात इतके घामेजले की खुर्चीच्या रेक्झिनवर ओले ठसे उमटले, सरळ उठून बाहेर आले. लहानपणी दोघांनी हात धरून माझा दात काढला होता, बधिर नीट झालंच नव्हतं, मी ओरडतेय आणि ते "झालं झालं" म्हणतायत. ते अजून अंगावर येतं. आता रात्री ठणकतं, एकाच बाजूने चावते. गुंगी देतात म्हणजे पूर्ण झोपवतात का? जागच आली नाही तर, ही पण भीती आहेच. प्लीज "काही होत नाही गं" असं कुणी म्हणू नका.

मीठपाणी:
ताई, मी डेंटिस्ट आहे. खुर्चीतून उठून गेलात त्याची लाज वाटू देऊ नका, असे पेशंट आम्ही नेहमी बघतो. आधी एक गोष्ट सांगतो जी बऱ्याच जणांना माहीत नसते, गुंगीने भीती कमी होते, दुखणं नाही. दुखू नये म्हणून बधिर करायचं इंजेक्शन द्यावंच लागतं, फक्त ते देताना तुम्ही शांत असता. आणि दाढेला पू झाला असेल, आत सूज असेल तर ते इंजेक्शन नीट लागू पडत नाही, लहानपणी तुमच्या बाबतीत कदाचित तेच झालं असेल. म्हणून पुढे ढकलू नका.

आता प्रकार. सगळ्यात हलका म्हणजे लाफिंग गॅस, नाकावर छोटा मास्क लावून ऑक्सिजनबरोबर नायट्रस ऑक्साइड देतात, काही मिनिटांत अंग हलकं वाटतं, बोलता येतं, आणि शेवटी नुसता ऑक्सिजन दिला की लगेच उतरतं. दुसरं गोळी, साधारण तासभर आधी घ्यायची, पण गोळी एकदा पोटात गेली की डोस कमीजास्त करता येत नाही, कुणाला पुरत नाही तर कुणी जास्तच पेंगतं. तिसरं शिरेतून, बहुतेक वेळा मिडॅझोलॅम नावाचं गुंगीचं औषध, थोडं थोडं देत डोस ठरवता येतो. यात तुम्ही पूर्ण झोपत नाही, स्वतःचा श्वास स्वतः घेता, "तोंड उघडा" म्हटलं की उघडता. बोटाला ऑक्सिमीटर असतो, बीपी बघत राहतात, आणि गरज पडली तर औषधाचा असर उलटवायला फ्लुमॅझेनिल असतं. पूर्ण भूल ही वेगळी गोष्ट, ती भूलतज्ज्ञाकडून आणि तशी सोय असेल तिथेच.

पायवाट:
मी शिरेतून घेऊन दोन अक्कलदाढा काढल्या. मला आठवतं फक्त हाताला सुई टोचली ते, आणि मग कुणीतरी गाल हलकेच दाबून कापूस चावायला सांगत होतं ते. मधलं काहीच नाही, त्या औषधाने आठवणच राहत नाही म्हणे. सोबत माणूस न्या, त्या दिवशी गाडी चालवायची नाही, कुठे सह्या करायच्या नाहीत. मी घरी येऊन सगळ्यांशी नीट बोललो म्हणतात, मला एक वाक्य आठवत नाही. उपाशीपोटी यायचं का आणि किती तास, ते त्यांनाच विचारून लिहून घ्या.

कवडसा:
मी गॅस घेतला होता. पहिल्या वेळी सर्दी झालेली, नाक बंद, गॅस आत जाईना, काहीच उपयोग झाला नाही. दुसऱ्यांदा नाक मोकळं होतं तेव्हा मस्त. पण खरं सांगू का, माझं जास्त काम हात वर करायच्या खुणेने झालं. डॉक्टर म्हणाल्या डावा हात उचललास की मी थांबणार, आणि खरंच थांबल्या, मी मुद्दाम एकदा उगीच उचलून बघितला. तुझे तर हात धरले होते ना, म्हणून हे आधी ठरवून घे.

रातराणी:
वाचताना रडू आलं. हात वर करायचं मला कुणी कधी सांगितलंच नाही. शिरेतून वालं करावंसं वाटतंय. एक विचारायचं राहिलं, मी झोपेची गोळी घेते आणि घोरते खूप, मध्येच श्वास अडकून उठते असं नवरा म्हणतो. त्याने काही फरक पडतो का?

मीठपाणी:
पडतो, फार पडतो, बरं झालं विचारलंत. श्वास अडकणं म्हणजे स्लीप ॲप्निया असू शकतो आणि गुंगीत श्वास आणखी मंदावतो, त्यात झोपेच्या गोळीची भर नको. आधी तुमच्या फिजिशियनला दाखवा, रोजच्या सगळ्या गोळ्या डेंटिस्टना दाखवा, आणि त्या दिवशी झोपेची गोळी घ्यायची की नाही हे त्यांनाच ठरवू द्या. दारू अजिबात नको. कदाचित तुम्हाला ते गॅसच सुचवतील किंवा भूलतज्ज्ञ असेल तिथे पाठवतील. तोवर रात्रीचं ठणकणं वाढलं, गालावर सूज आली किंवा ताप आला तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.