मदत हवी आहे: आयरिश बायकांवर १५ मिनिटं बोलायचंय, कोणाला ठेवू, कोणाला गाळू?

नमस्कार मंडळी,

मी डब्लिनजवळ राहते. फेब्रुवारीत सेंट ब्रिजिडच्या सुट्टीला (बाईच्या नावाची इथली पहिली सार्वजनिक सुट्टी, २०२३ पासून) आमच्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू आहे. त्यात 'कर्तबगार आयरिश स्त्रिया' हे भाषण माझ्या गळ्यात पडलंय. समोर निम्म्या भारतातून आलेल्या आया-सासवा, निम्मी इथेच जन्मलेली पोरं.

सुरुवात ठरली आहे. मार्गारेट कझिन्स, जन्म १८७८, गाव बॉइल, काउंटी रॉसकॉमन. संगीताची पदवीधर. मताच्या हक्कासाठी तुरुंगात गेली, १९१५ मध्ये भारतात आली. मदनपल्लीत 'जन गण मन'ची स्वरलिपी तिने लिहून काढली. आणि १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषद उभी राहिली ती हिच्याच खटपटीतून, पहिलं अधिवेशन पुण्यात, अध्यक्षा बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. मी पुण्यात वाढले आणि हे मला इथे येऊन कळलं!

केटी टेलरही नक्की. ब्रे गावची. लहानपणी मुलींना बॉक्सिंगच्या स्पर्धेत घेत नसत, म्हणून ही 'के. टेलर' नाव लावून, केस हेडगार्डखाली कोंबून मुलांशी लढायची. २००१ मध्ये आयर्लंडमध्ये बायकांची पहिली अधिकृत लढत झाली, त्यात ही १५ वर्षांची. २०१२ ला लंडनमध्ये सुवर्ण. त्याच ऑलिंपिकात आपल्या मेरी कोमला कांस्य मिळालं, त्यामुळे आज्यांना वेगळं समजावावं लागणार नाही. केली हॅरिंग्टन (टोकियो आणि पॅरिस, दोन्हीकडे सुवर्ण) आणि ग्रँड नॅशनल ही घोड्यांची शर्यत जिंकणारी पहिली महिला जॉकी रेचल ब्लॅकमोर एकेका वाक्यात उरकते.

अडलंय गायिका शिनेड ओ'कॉनरपाशी. (मी 'सिनेड' लिहिलं होतं, लेकीने खोडलं.) १९९२ मध्ये अमेरिकन टीव्हीवर थेट कार्यक्रमात तिने पोपचा फोटो फाडला, चर्चमधल्या बालअत्याचारांच्या निषेधार्थ. तेव्हा तिची यथेच्छ टवाळी झाली. पुढे २००९ च्या रायन अहवालात धर्मसंस्थांच्या शाळांमध्ये काय चालायचं ते सरकारी कागदावरच आलं. तिला वगळून नुसत्या एन्या आणि डोलोरेस ओ'रिऑर्डन या गायिका घेतल्या तर भाषण गोड होईल, पण मला तो पळपुटेपणा वाटतो. समोर सहा-सात वर्षांची मुलं असताना हे कसं सांगायचं? कोणी शाळेत शिकवत असाल तर प्लीज सुचवा. 'मुलांना बाहेर खेळायला पाठवा' हा सल्ला मिळून झालाय, बाहेर पाऊस असतो.

शेवट मेरी रॉबिन्सनवर करते. १९९० मध्ये निवडून आलेल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. देश सोडून गेलेल्या आयरिश लोकांसाठी त्यांनी आपल्या निवासस्थानाच्या खिडकीत कायम दिवा तेवत ठेवला. आमच्या सासूबाईंनी हे ऐकलं आणि लगेच विचारलं, "तेल कोण घालायचं?" विजेचा होता म्हटल्यावर जरा हिरमुसल्या.

त्यावरून दुसरा प्रश्न. वाण म्हणून खिडकीत ठेवायचे बॅटरीचे छोटे दिवे द्यायचं डोक्यात आहे. ४० नग लागतील. डब्लिनमध्ये घाऊक कुठे मिळतील?