रॉक गाणे व्हायोलिनवर आणले की ते इतके गुळगुळीत का होते?

विश्रामबागची_व्हायोलिन (सांगली)

सर्वांना नमस्कार. आधी एक खुलासा करते, कारण आमच्याकडे 'ऑर्केस्ट्रा' म्हटले की गणपतीच्या मांडवापुढची सिनेगीतांची रात्र, चकचकीत कोटातला निवेदक आणि 'वन्स मोअर' एवढेच डोळ्यांपुढे येते. माझा प्रश्न त्या ऑर्केस्ट्राविषयी नाही. जुन्या इंग्रजी रॉक गाण्यांची व्हायोलिन, चेलो, हॉर्न अशा पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी जी नवी मांडणी केली जाते, तिच्याविषयी आहे.

मी बरीच वर्षे व्हायोलिन शिकवते. माझे स्वतःचे शिक्षण हिंदुस्थानी पद्धतीचे, मांडी घालून वाजवण्याचे. भाचा गिटार वाजवतो आणि क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात लेड झेपलिनचे 'काश्मीर' माझ्या सहा विद्यार्थिनींनी वाजवावे, असा त्याने हट्ट धरला. मी गिटारची ओळ ऐकून सरगम लिहून काढली, सहाही जणींना एकसुरात बसवली, गायकाची ओळ दोघींना दिली आणि गिटार पूर्णपणे काढून टाकली. तीन आठवडे तालीम झाली. स्वर चुकत नाहीत, लय हलत नाही, तरीही मंगल कार्यालयात पंगत बसल्यावर हळू आवाजात लावून ठेवतात तसे काहीतरी ऐकू येते. सासूबाईंनी पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "छान आहे गं, झोप येते."

म्हणून मोठ्यांनी हे कसे केले ते ऐकू लागले. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राची १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली 'क्लासिक रॉक' ही मालिका ऐकली, लंडन फिलहार्मोनिकने १९९७ मध्ये काढलेली लेड झेपलिनच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका ऐकली, आणि मेटॅलिकाने १९९९ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीबरोबर केलेला कार्यक्रमही ऐकला. काही ठिकाणी माझ्या सहा मुलींचाच दोष शंभर वादकांच्या खर्चाने केलेला आढळला, तर काही ठिकाणी अंगावर काटा आला. या दोहोंत नेमका फरक कशाचा आहे? आणि तो सहा व्हायोलिनवर भरून काढता येईल का?

तारकाम (मिरज)

ताई, आपली अडचण स्वरांची नाही, जवारीची, म्हणजे तारेच्या खुल्या झणकाराची आहे.

आमच्या घरात तिसऱ्या पिढीपासून तंबोरे होतात. गिऱ्हाईक नवा तंबोरा छेडून "हा बंद वाजतोय" म्हणते, तेव्हा तारा अगदी सुरात लागलेल्या असतात. तार घोडीच्या, म्हणजे ती ज्यावर टेकते त्या तुकड्याच्या, माथ्यावर जशी घासत जायला हवी तशी जात नसते, एवढेच. मग आम्ही घोडीचा माथा केसभर घासतो, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवतो, तो नखाने मागे-पुढे करत राहतो, आणि एका जागी येताच त्याच तारेतून वरचे स्वयंभू स्वर उमलू लागतात. तार तीच, पट्टी तीच, पण आता एका आघातातून स्वरांचा झोत निघतो.

रॉकची इलेक्ट्रिक गिटार नेमके हेच दुसऱ्या मार्गाने करते. ॲम्प्लिफायरला झेपेल त्यापेक्षा जास्त सिग्नल दिला की ध्वनिलहरीचे माथे छाटले जातात, आणि अशा छाटलेल्या लहरीत मूळ स्वराच्या वरचे अनेक उपस्वर मिसळतात. याला डिस्टॉर्शन म्हणतात, पण मला ती विजेने लावलेली जवारीच वाटते. तिचा दुसरा गुण असा की विरत जाणारा आवाजही बराच वेळ एकाच पातळीवर टिकून राहतो.

पुढची गंमत तंबोऱ्याच्या माणसाला लगेच कळेल. डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर एकत्र वाजवले की त्यांच्या कंपनसंख्यांतल्या फरकाचाही स्वर तयार होतो. सा आणि प यांचे प्रमाण २:३ असल्यामुळे तो फरकाचा स्वर म्हणजे खालच्या सप्तकातला सा येतो आणि सगळे घट्ट बसते. गंधार मिसळला की मात्र गढूळपणा वाढतो. म्हणूनच हे गिटारवादक बहुतेक वेळा गंधार गाळून नुसता सा-प-सा धरतात. आता तुम्ही केले काय, तर या आवाजातले फक्त मुख्य स्वर उचलून सहा व्हायोलिनना दिले. सहा व्हायोलिन एकसुरात वाजल्या की त्यांच्यातले किंचित फरक एकमेकांत मिसळून आवाज आणखी मऊ होतो. खरखर गेली, वर साय आली.

उपाय सांगतो, करून पाहा, आणि नाही जमले तर मला दोष द्या. सहाही जणींना एकच ओळ देऊ नका. दोघींनी खालच्या सप्तकात गज घोडीच्या अगदी जवळ चालवावा, म्हणजे आवाज कडक आणि किनरा होईल, आणि तो तसाच हवा आहे. दोघींनी मोकळ्या तारांवर सा-प धरून ठेवावा. उरलेल्या दोघींनी गजाच्या मुठीजवळून छोटे, तुटक आघात द्यावेत. हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीतील चार चेलोवादकांनी 'अपोकॅलिप्टिका' या नावाने १९९६ मध्ये मेटॅलिकाची गाणी केवळ चार चेलोंवर वाजवली, ती जरूर ऐका. गजाचा दाब वाढवून ते तारेला अक्षरशः गुरगुरायला लावतात.

आणखी एक. 'काश्मीर'साठी मूळ गिटार नेहमीच्या पद्धतीने लावलेली नाही. तिच्या तारा पांढरी दोनचा (पेटीवरच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा) षड्ज धरून सा प सा म प सा अशा आहेत. तुमच्या मुली हिंदुस्थानी पद्धतीने प सा प सा लावतच असतील. त्याही पांढरी दोनमध्ये लावून घ्या, म्हणजे मोकळ्या तारा आपोआप बोलू लागतील. गिटारही परत आणा. तिला हाकलून देण्यात कसली शुद्धता आहे, हे मला समजलेले नाही.

किल्ल्याच्या_पायथ्याशी (सातारा)

मिरजकरांचे विवेचन मला फार आवडले, तरी ते मला अर्धेच पटते. सगळे रॉक डिस्टॉर्शनवर उभे नाही. बीटल्सच्या १९६६ मधील 'एलिनॉर रिग्बी' या गाण्यात गिटार नाही आणि ड्रमही नाहीत. चार व्हायोलिन, दोन व्हिओला आणि दोन चेलो एवढ्यावर ते गाणे उभे आहे, आणि तरीही त्यात कुठे साय नाही. बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी तारवाद्यांना लांब सुरावट न देता तुटक आघात दिले आणि मायक्रोफोन वाद्यांच्या अगदी जवळ आणले गेले, इतके की वादकांना ते रुचले नाही. गज तारेला लागण्याचा आवाज त्यात स्पष्ट ऐकू येतो. म्हणजे तिथे जवारीचे काम आघाताने केले आहे.

तुमच्या प्रयोगातला खरा घोळ माझ्या मते दुसरा आहे, आणि लंडन सिम्फनीच्या त्या मालिकेतही तो जागोजागी आहे. तुम्ही गायकाची ओळ व्हायोलिनला दिलीत. आपल्या नाट्यपदाची चाल नुसत्या पेटीवर वाजवली तरी उभी राहते, कारण ती चालच वळणावळणाची असते. रॉकमधला गायक मात्र कित्येकदा दोन-तीन स्वरांवरच घुटमळतो. त्याचे सगळे बळ शब्दांत, उच्चाराच्या फेकीत आणि घशातल्या खरखरीत असते. शब्द काढून घेतले की मागे उरतो तो एकाच स्वराचा जप. तो चाळीस व्हायोलिननी वाजवला तर अधिकच उघडा पडतो.

आपण ऐकलेल्या मेटॅलिकाच्या कार्यक्रमात वाद्यवृंदाचे संचालक मायकेल केमन यांनी ही चूक टाळली. बँडने आपले गाणे आपल्या पद्धतीने वाजवावे, गायकाने गावे, आणि वाद्यवृंदाने त्या ओळींची नक्कल न करता सभोवताली स्वतःच्या वेगळ्या ओळी चालवाव्यात, अशी त्यांची मांडणी आहे. पिंक फ्लॉइडच्या १९७९ मधील 'द वॉल'चे वाद्यवृंद-संयोजन करताना त्यांचा या कामावर हात बसला होता, हे विसरू नये.

थोडे विषयांतर होईल, पण डीप पर्पल या रॉक बँडचे नाव इथे यायलाच हवे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये या बँडचे कीबोर्डवादक जॉन लॉर्ड यांची 'कन्सर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा' ही रचना रॉयल फिलहार्मोनिकने माल्कम अर्नोल्ड यांच्या संचालनाखाली बँडबरोबर सादर केली. ती गाण्यांची पुनर्मांडणी नव्हे, स्वतंत्र रचना आहे. पण त्यात बँड आणि वाद्यवृंद आधी आमनेसामने उभे राहतात आणि सावकाश एकत्र येतात, हे ऐकण्यासारखे आहे. १९७० मध्ये तिची स्वरलिपी हरवली. पुढे मार्को द ख्यॉय या डच संगीतकाराने ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून ती नव्याने लिहून काढण्याचा खटाटोप केला आणि १९९९ मध्ये त्याच सभागृहात ती परत वाजली. ताई, तुम्ही कानाने ऐकून सरगम लिहिलीत, तेव्हा तुम्ही चांगल्या पंक्तीत आहात.

'काश्मीर'बद्दल दोन गोष्टी. १९७५ च्या मूळ ध्वनिमुद्रणातच तारवाद्ये आणि पितळी वाद्ये आहेत, त्यामुळे त्याला 'वाद्यवृंदात आणणे' यात नवे फारसे काही नाही. लंडन फिलहार्मोनिकची आवृत्ती मला म्हणूनच सजवलेली वाटते. खरे मर्म तालात आहे. गिटारची ओळ तीन मात्रांची आणि ड्रमचा ठेका चार मात्रांचा; दोघे आपापल्या वाटेने चालतात आणि बारा मात्रांनी समेवर भेटतात. त्यातच सुरावट खालच्या षड्जावर पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत, कोमल निषाद अशी एकेक पायरी चढत जाते. हे ताणणे आणि भेटणे मुलींना हातावर टाळी देऊन कळले, तर अर्धे काम झाले. ड्रम मऊ करून तीनचा हिशेब चारात विरघळवू नका.

जाता जाता एक माहिती: लेड झेपलिनचे गिटारवादक पेज आणि गायक प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईत येऊन तिथल्या वादकांसह आपली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली होती. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडले.

फेडर_वर_खाली (कऱ्हाड)

मी ध्वनिव्यवस्थेची कामे करतो, म्हणून फक्त व्यवहाराचे सांगतो. लहान सभागृहात ड्रमकिट ठेवले की त्याचा आवाज व्हायोलिनच्या प्रत्येक माइकमध्ये शिरतो. मग व्हायोलिन वाढवायला जावे तर आधी झांजच वाढते. मोठ्या कार्यक्रमांत ड्रमभोवती पारदर्शक पडदे लावतात ते याचसाठी. तुमच्याकडे पडदे नसतील तर ड्रमवाल्याला मागे, कोपऱ्यात, पाठीमागे जाड सतरंजी टांगून बसवा आणि काठ्यांऐवजी ब्रश द्या.

मुलींना रंगमंचभर पसरू नका. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे दहा मीटरवर बसलेल्या वादकाला ठेका सेकंदाच्या चौतिसाव्या भागाइतका उशिरा पोचतो. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, पण तीन विरुद्ध चार अशा हिशेबात तेवढ्यानेच समेची धार जाते. त्यांना अर्धवर्तुळात, ड्रमवाल्याचा हात दिसेल असे बसवा.

विश्रामबागची_व्हायोलिन (सांगली)

तिघांचेही मनापासून आभार. दोन रविवार गेले, म्हणून कळवते.

पहिल्या रविवारी व्हायोलिन पांढरी दोनमध्ये लावताना, खालची तार एक स्वर चढवण्याच्या नादात एकीची तार तुटली आणि माझ्या मनगटावर सपकन बसली, इतके सोडले तर सर्व ठीक झाले. गज घोडीजवळ न्यायला मुली तयारच नव्हत्या. वर्षानुवर्षे मीच त्यांना "किनरा आवाज काढू नका" म्हणून ओरडत आले आहे. आता मुद्दाम काढा म्हटल्यावर त्या माझ्याकडे संशयाने पाहू लागल्या. एकीने मात्र धीर करून गज दाबला, आवाज अक्षरशः फाटला, आणि भाच्याने मान वर करून पाहिले. तिथून पुढे बाकीच्यांना सांगावे लागले नाही.

गायकाची ओळ काढून टाकली आहे. ती आता भाच्याचा मित्र गातो, आणि त्या वेळी व्हायोलिन फक्त सा-प धरतात. तीन आणि चारचा हिशेब दुसऱ्या रविवारी बसला: तिघी टाळीने चार मोजत होत्या, तिघी वाजवत होत्या, आणि बारावी मात्रा संपून सम आली की सहाही जणी हसत होत्या. किल्लेवाल्यांना नम्रपणे सांगते की जवारी आणि आघात यांत मला निवड करावी लागली नाही, दोन्ही लागले.

सासूबाई या वेळी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि "कुणाचं काय बिघडलं?" असे विचारून गेल्या.

एकच अडचण उरली आहे. मूळ गाण्यातला पितळी वाद्यांचा भाग कशावर घ्यावा? कीबोर्डवरचे हॉर्न फार खोटे वाटतात. लग्नाच्या बँड पथकात वाजवणारे एक काका युफोनियम घेऊन यायला तयार आहेत. स्टाफ नोटेशन वाचत नाहीत, पण एकदा ऐकले की उचलतात. चालेल का?

तारकाम (मिरज)

चालेल काय, पळेल. काकांना खालची संथ ओळच द्या, ठेक्यात गुंतवू नका. आणि लग्नसराईच्या आत कार्यक्रम उरका, नाहीतर ते सापडायचे नाहीत. पांढरी दोनला लागलेला एक पुरुषी तंबोरा माझ्याकडे पडून आहे, तो घेऊन जा. भाडे नको. फक्त कऱ्हाडकर म्हणतात त्या कोपऱ्यातल्या ड्रमपासून लांब ठेवा, नाहीतर त्या हादऱ्याने दोरा सरकेल आणि ऐन कार्यक्रमात तुम्ही मला फोन कराल की तंबोरा बंद वाजतोय.