भाडेकरू म्हणतो, "खर्च माझा, तुम्ही फक्त हो म्हणा." म्हणावं का?

कोथरूडचा काका

आमचा कोथरूडला जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके आहे. ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर दिलाय. कुटुंब तीन वर्षं तेच, भाडं पाच तारखेच्या आत, तक्रारीला जागा नाही. संडास मात्र भारतीय बैठकीचा. भाडेकरूच्या आईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत आणि त्या आता कायमच्या इथे राहायला येणार आहेत. गेल्या रविवारी तो म्हणाला, "काका, कमोड बसवून घेतो. खर्च सगळा माझा."

मी ताबडतोब "नको" म्हणालो. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. आम्हा मालकांच्या जिभेवर तो "नको" बसलेलाच असतो. खिळा नको, रंग नको, कबुतरांची जाळी नको. रात्री मात्र झोप लागेना.

विचार करून आता मी एवढ्यावर आलोय: काम फरशीच्या वरचं आहे की खालचं, ते बघायचं. वरचं असेल (जाळी, पंखा, पडद्याचे रॉड, ट्रॉल्या) तर खुशाल करू द्यावं, जाताना भोकं बुजवून दिली की झालं. फरशी फोडायची किंवा भिंतीच्या आतल्या पाइपाला हात लावायचा असेल, तर भाडेकरूने करायचंच नाही. ते मालकाने करायचं, आपल्या प्लंबरकडून, आपल्या पैशाने. आणि गळका नळ, उडालेला एमसीबी (विजेचा आपोआप पडणारा स्विच) यावर तर चर्चाच नको, दोन दिवसांत माणूस पाठवावा.

तुमचं काय मत?

एकदा पोळलेला

साफ असहमत. आमच्या भाडेकरूनेही असंच "खर्च माझा" म्हणून बाथरूमच्या टाइल्स बदलल्या. दिसायला झकास. गवंड्याने छिन्नी-हातोडीने जुन्या टाइल्स उडवताना खालचं वॉटरप्रूफिंगही उडवलं, हे चार महिन्यांनी कळलं. खालच्या काकूंच्या छताला आधी पिवळा डाग, मग पोपडे, मग पीठ मळताना परातीत चुन्याचा तुकडा. तोवर आमचे साहेब बंगळुरूला गेले होते, डिपॉझिट घेऊन.

सोसायटीचं पत्र मला आलं. बरोबरच आहे, सहकारी सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे (आदर्श उपविधी) संडास-मोरीची आतली गळती त्या त्या फ्लॅटवाल्याने निस्तरायची असते. सत्तर हजार गेले. "खर्च माझा" म्हणजे त्या दिवसाचा खर्च त्याचा. पुढचा सगळा आपला.

आणि काका, तुमच्या पैशाने करणार म्हणता? ११ महिन्यांनी तो निघून गेला तर?

चौथं घर सुरू

@एकदा पोळलेला, तुमचं नुकसान झालं, वाईट वाटलं. पण परवानगी दिलीत आणि काम बघायला एकदाही गेला नाहीत, हेही त्यात आहे ना?

मी भाडेकरू. मालक सरसकट "नको" म्हणतो तेव्हा काम थांबत नाही, चोरून होतं. मागच्या घरी गीझरचा पाइप गळत होता. तीन महिने फोन केले, उत्तर एकच, "बघू". शेवटी नाक्यावरचा मिळेल तो प्लंबर आणला. त्याने काय केलं ते त्यालाच ठाऊक!

अजून एक. माझ्या पैशाने लावलेल्या जाळ्यांचे आणि किचनमधल्या ट्रॉल्यांचे फोटो मालकाने पुढच्या जाहिरातीत टाकले. भाडं दोन हजारांनी वाढवून. मला मात्र भिंतीतल्या भोकांचे पंधराशे कापून डिपॉझिट मिळालं.

कलमांचा किडा

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. कलम १४: घर नीट ठेवणं मालकाचं काम. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. कलम १६: लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर घर खाली करून मागता येतं. पण लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा उभा ओटा, फॉल्स सीलिंग, एसी, धुराची चिमणी या गोष्टी त्यात धरत नाहीत.

मात्र हे भाडेकरूंसाठी. लिव्ह अँड लायसन्सवाला, म्हणजे फक्त राहायची परवानगी घेतलेला, कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नव्हे, त्याचा सगळा खेळ करारावर. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात कामांची वाटणी आहे: पाइप बदलणं आणि वायरिंग मालकाकडे, नळाचे वॉशर, स्विच, कुलपं भाडेकरूकडे. काकांची "फरशी" साधारण तिथेच येते. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू नाही.

गिरगावची चाळ

एक चतुर्थांश वाचून हसू आलं. आमची पागडीची खोली, भाडं महिना दीडशे. म्हणजे वर्षाला साडेचारशे रुपये वळते करायचा हक्क. त्यात पावसाळ्याआधीची ताडपत्रीसुद्धा येत नाही. मालक दुरुस्ती परवडत नाही म्हणतो, आणि खरं सांगायचं तर दीडशे रुपयांत कुणाला परवडेल? आमच्याकडे "सुधारणा करू का" असं कुणी विचारतच नाही. कोबा, मोरी, माळा, सगळं वडिलांनी केलेलं.

(अवांतर झालं, चालू द्या.)

एकदा पोळलेला

@चौथं घर, बघायला गेलो नाही हे खरं. मान्य. तरी माझं म्हणणं कायम, फरशी फोडू देऊ नये, कुणालाच. आईंसाठी कमोडची खुर्ची मिळते, ती आणा. एक टाइल हलत नाही.

चौथं घर सुरू

त्या खुर्चीचं भांडं रोज कोण धुणार, ते पण लिहा.

कोथरूडचा काका

काल आमचा नेहमीचा प्लंबर नेऊन दाखवलं. संडासाचा स्लॅब 'संकन' आहे, म्हणजे खाली दबलेला आणि पाइप त्यातच पुरलेले, तेव्हा भांडं काढायचं तर वॉटरप्रूफिंग नव्याने करावंच लागेल. जुनं झालंच आहे म्हणाला, आज ना उद्या करायचंच होतं. म्हणून फोडणं, पाइप आणि वॉटरप्रूफिंग माझं. कमोड, फ्लश आणि भिंतीला धरायचा दांडा त्याचा. कमोड जाताना इथेच राहील, त्याचे पैसे मागायचे नाहीत. दांडा त्याने न्यावा. हे सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून दोघांनी "मान्य" टाकलंय, पुढच्या करारातही घालणार. फरशी लावण्याआधी, खाली गळतंय का ते बघायला, दोन दिवस पाणी साठवून ठेवायचं ठरलंय. पाच दिवस ते मावशीकडे राहणार, तेवढ्या दिवसांचं भाडं मी घेणार नाही.

काम सोमवारपासून.

एकदा पोळलेला

खालच्यांच्या छताचे फोटो काढलेत का? आज काढा, तारखेसकट. सोमवारी काढून उपयोग नाही.